सिबिलचा कंपनी रिपोर्ट आणि १ ते १० चा रँक: धंदेवाल्यांनी पैसे भरून घ्यावा का?

आधी निकाल सांगून टाकतो, बाकीचं मग. धंद्याच्या नावावर दहा लाखांच्या वर कर्ज असेल तर कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलचा कंपनी क्रेडिट रिपोर्ट वर्षातनं एकदा तरी काढाच, आणि बँकेत फाईल टाकायच्या आधी काढा, नंतर नाही. पाचापैकी मी चार देईन. एक का कापला ते खाली लिहिलंय, आणि ते कारण छोटं नाहीये, माझ्या मते छोट्या उद्योगाचं अर्धं दुखणं तिथंच आहे.

मी कोल्हापुरात एका टॅक्स कन्सल्टंटकडं कर्जाच्या फायली बघतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसीतले मशीन शॉपवाले, फाउंड्रीवाले, इचलकरंजीचे लूमवाले, गावातले हार्डवेअरवाले असं आमचं गिऱ्हाईक. प्रोजेक्ट रिपोर्ट, सीएमए डेटा, स्टॉक स्टेटमेंट (माल आणि येण्यांची बँकेला द्यायची यादी) हे रोजचं काम, पण सगळ्यात जास्त वेळ कशात जात असेल तर बँकेतनं "सिबिलमुळं अडकलंय" एवढं तोंडी कळल्यावर नक्की कुठं अडकलंय ते शोधण्यात. मॅनेजर रिपोर्ट हातात देत नाही, मालकाला वाटतं आपला स्कोअर तर ७८० आहे मग अडकलं कसं, आणि मग ती दोन माणसं वेगवेगळ्या कागदाबद्दल बोलत असतात.

तर मुळात दोन कागद आहेत हे आधी डोक्यात घ्या. मालकाचा पर्सनल स्कोअर ३०० ते ९०० मधला, तो आता मोबाईलवर कुठल्याही ॲपवर फुकट दिसतो आणि पूर्ण रिपोर्ट पण माणसाला वर्षातनं एकदा फुकट मिळतो, २०१७ पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. धंद्याचा रिपोर्ट वेगळा. पार्टनरशिप असेल, एलएलपी असेल, प्रायव्हेट लिमिटेड असेल तर त्या फर्मच्या पॅनवर वेगळी नोंद चालते, आणि प्रोप्रायटरशिप असेल तर मालकाचं आणि धंद्याचं पॅन एकच असतं त्यामुळं बँक दोन्हीकडनं बघते. ह्या कंपनी रिपोर्टला पैसे पडतात. वेबसाईटवर जाऊन फर्मची माहिती भरायची, केवायसीचे कागद द्यायचे, फी भरायची, की रिपोर्ट येतो. फीचा आकडा लिहीत नाही, काढताना साईटवर बघून घ्या, पण कर्जाच्या प्रोसेसिंग फीपुढं ती रक्कम किरकोळ आहे एवढं नक्की.

आता रँक. ह्याला सीएमआर म्हणतात, सिबिल एमएसएमई रँक, एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग. १ ते १० मधला एक आकडा, आणि इथं १ म्हणजे सगळ्यात चांगलं, १० म्हणजे सगळ्यात जोखमीचं. पर्सनल स्कोअरच्या बरोब्बर उलटं. ह्याच्यावरनं इतका घोळ होतो की काय सांगू, एक फाउंड्रीवाले आनंदानं सांगत आले दहापैकी आठ पडलेत म्हणून, त्यांना समजावून सांगताना माझाच जीव वरखाली झाला. हा आकडा सांगतो काय, तर पुढच्या १२ महिन्यांत हे खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, व्हायची शक्यता किती. तुमचा माल चांगला का वाईट, ऑर्डरी किती, मालक प्रामाणिक का नाही, ह्यातलं काहीच तो सांगत नाही. तुमच्यासारखा कर्ज फेडायचा इतिहास असलेल्या धंद्यांचं पुढं काय झालं त्यावरनं काढलेला तो अंदाज आहे. सिडबी ह्या छोट्या उद्योगांच्या सरकारी बँकेबरोबर मिळून सिबिलवाले एमएसएमई पल्स नावाचा अहवाल काढतात, त्यात १ ते ३ कमी जोखमीचे, ४ ते ६ मधले आणि ७ ते १० जास्त जोखमीचे असे ढोबळ गट धरतात. बँकांचं मात्र ज्याचं त्याचं धोरण, कुणी पाचपर्यंत घेतं, कुणी सहापर्यंत, कुठं रँक चांगला तर व्याज पाव-अर्धा टक्का कमी, कुठं नुसतं हो का नाही एवढ्यापुरता वापर. त्यामुळं एका बँकेत अडकलेली फाईल दुसरीकडं होते ह्यात नवल काही नाही.

रँक सगळ्यांना मिळत नाही हे पण लक्षात घ्या. एकूण चालू कर्ज १० लाख ते ५० कोटी ह्याच्या आत असेल तरच तो आकडा येतो. सात-आठ लाखांचं मुद्रा लोन असलेल्या दुकानदारानं रँक शोधू नये, त्याचं सगळं मालकाच्या पर्सनल स्कोअरवर चालतं. 

अजून एक गोंधळ इथंच मिटवतो. सिबिल आणि रेटिंग एजन्सी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रिसिल, इक्रा, केअर ह्या रेटिंग देणाऱ्या कंपन्या, त्यांच्यावर सेबीचं लक्ष, त्यांची माणसं बॅलन्सशीट बघतात, मॅनेजमेंटशी बोलतात आणि मग एएए पासून डी पर्यंत अक्षरं देतात. सिबिल ही क्रेडिट इन्फर्मेशन कंपनी. २००० साली सुरू झाली, आता पूर्ण नाव ट्रान्सयुनियन सिबिल, २००५ च्या क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांच्या कायद्याखाली चालते आणि वर रिझर्व्ह बँक. तिच्यासारख्या अजून तीन आहेत, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका, पतसंस्था नव्हे पण सहकारी बँका, एनबीएफसी म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपन्या, ह्यांनी चारही ठिकाणी सभासद व्हायचं आणि माहिती द्यायची असा २०१५ पासून नियम आहे. ह्यांच्याकडं कुणी कारखाना बघायला येत नाही, बँक जे पाठवते तेवढंच त्यांना कळतं. हे वाक्य परत वाचा, कारण पुढचं सगळं ह्याच्यावरच उभं आहे.

रिपोर्ट उघडला की पहिल्या पानावर फर्मची माहिती, पत्ते, पॅन, रजिस्ट्रेशन, मग एकूण कर्जाचा गोषवारा, मग भागीदार-डायरेक्टर-जामीनदार कोण कोण, मग एकेक खात्याची माहिती, मग कुणी कुणी तुमची चौकशी केली ते, आणि दावे, चेक रिटर्न असलं काही असेल तर ते. इंग्रजीत असतो आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला जड जातो. पण घाबरायचं कारण नाही, बघायच्या जागा मोजक्याच आहेत.

शिरोलीतल्या एका मशीन शॉपवाल्याच्या रिपोर्टचं सांगतो म्हणजे कळेल. नाव-गाव सांगत नाही. माणूस सरळ, कामात चोख, दोन व्हीएमसी मशीन, आठ-दहा कामगार, एका मोठ्या कंपनीला पार्ट देतो. कर्ज काय, तर ४० लाखांची सीसी (कॅश क्रेडिट, लिमिटच्या आत लागतील तसे काढायचे-भरायचे पैसे) आणि मशीनवरचं हप्त्याचं टर्म लोन. तिसऱ्या मशीनसाठी फाईल टाकली आणि बँकेनं रँक ७ म्हणून बाजूला ठेवली. ह्याचं म्हणणं, मी आयुष्यात हप्ता चुकवला नाही. आणि खरंच टर्म लोनच्या कॉलममध्ये सगळीकडं शून्य दिवस, एकदम स्वच्छ. गडबड सीसीच्या रांगेत होती. तिथं काही महिन्यांपुढं एसएमए-१ लागलेलं.

हे एसएमए म्हणजे काय ते सांगतो, कारण निम्म्या मालकांना हा शब्द खातं बिघडल्यावरच कळतो. एनपीए व्हायच्या आधीच्या ह्या पायऱ्या आहेत. टर्म लोनचा हप्ता ड्यू तारखेला आला नाही की ३० दिवसांपर्यंत एसएमए-०, मग ३१ ते ६० दिवस एसएमए-१, ६१ ते ९० दिवस एसएमए-२, आणि ९० च्या पुढं एनपीए. सीसी-ओडीला हप्ता नसतो, तिथं बघतात खातं सलग किती दिवस लिमिटच्या किंवा ड्रॉइंग पॉवरच्या (माल आणि येण्यांवरनं बँक वापरू देते ती रक्कम) वर राहिलं. ३० दिवसांच्या पुढं गेलं की एसएमए-१. रक्कम किती वर गेली ह्याला काही अर्थ नाही, दिवस मोजले जातात, आणि ते कॉम्प्युटर रोज दिवस संपताना मोजतो, २०२१ च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेनं हे अगदी स्पष्ट करून टाकलं. मॅनेजर ओळखीचा आहे म्हणून एक-दोन दिवस मागंपुढं होईल हे दिवस गेले.

आता ४० लाखांच्या सीसीवर ३१ मार्चला ३९ लाख ९० हजार वापरलेले आहेत असं धरा. त्या दिवशी महिन्याचं व्याज पडलं साधारण ३३ हजार. खातं गेलं ४० लाख २३ हजारांवर, म्हणजे २३ हजार वर. एप्रिलमध्ये पेमेंट आलं नाही, एप्रिलचं व्याज अजून वर चढलं, मेच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे आले आणि खातं आत आलं. मालकाच्या दृष्टीनं काहीच झालं नाही. बँकेतनं फोन आला असेल, ह्यानं "येतंय पेमेंट" सांगितलं असेल. पण रेकॉर्डला एसएमए-१ चढलं, तेही २३ हजारांपायी. व्याजाला जागा ठेवा असं मी प्रत्येकाला सांगतो, लिमिट काठोकाठ भरून महिनाअखेर करू नका. लिमिट सतत पूर्ण वापरलेली दिसणं हे तसंही रँकला मारक आहे, वेळेत असलात तरी.

पण ह्या गड्याचं कारण ते पण नव्हतं. त्याचं कारण होतं ड्रॉइंग पॉवर, आणि एक स्टार कापायचा तो इथं.

ड्रॉइंग पॉवर कशी काढतात बघा. समजा स्टॉक ३० लाखांचा, येणी ३५ लाख, देणी १० लाख, मार्जिन (म्हणजे बँक धरत नाही तो भाग) २५ टक्के. ३० अधिक ३५ वजा १० म्हणजे ५५ लाख, त्यातनं पाव भाग काढला की सव्वाएकेचाळीस लाख. लिमिट ४० लाखांची, पूर्ण वापरता येते, सगळं व्यवस्थित. आता येण्यांत एक अट असते, ९० दिवसांच्या वरची येणी धरत नाहीत. बँकेनुसार थोडा फरक पण साधारण हेच. मोठ्या गिऱ्हाइकानं १५ लाखांची बिलं अडवून ठेवली, ९० दिवस उलटले. की झालं. येणी ३५ ची २० लाख, ३० अधिक २० वजा १० म्हणजे ४०, पाव भाग काढला की राहिले ३० लाख. आणि ह्यानं वापरलेत ३९ लाख, म्हणजे एका फटक्यात खातं नऊ लाखांनी वर. ह्यानं काय केलं? काहीच नाही. माल वेळेवर दिला, बिल दिलं, जीएसटी स्वतःच्या खिशातनं भरला, पगार केले, आणि पैसे दुसऱ्यानं अडवले. रेकॉर्ड मात्र ह्याचं खराब झालं, रँक ह्याचा घसरला, मशीनचं कर्ज ह्याचं अडकलं, आणि ज्यानं पैसे अडवले त्या कंपनीच्या रिपोर्टवर साधा ओरखडा नाही, कारण तिनं बँकेचे पैसे वेळेत दिलेत.

रिपोर्टमध्ये ह्यातलं फक्त शेवटचं टोक दिसतं, एसएमए-१, बस. कारण लिहायला जागा नाही आणि सप्लायरचे पैसे कोण किती दिवस थकवतं ही माहिती बँकांकडनं सिबिलला जातच नाही. धंद्याची पत मोजायची आणि धंदे एकमेकांना पैसे कसे देतात हेच बघायचं नाही, ही मला खरंच मोठी उणीव वाटते. अशक्य आहे असं पण नाही. अमेरिकेत डन अँड ब्रॅडस्ट्रीट हेच काम करते, १८४१ साली न्यूयॉर्कमध्ये लुईस टॅपन नावाच्या व्यापाऱ्यानं ती सुरू केली ती मुळात ह्याच गरजेतनं, लांबच्या गावचा व्यापारी उधारी फेडतो का नाही हे कळावं म्हणून. त्यांचा पेडेक्स म्हणून १ ते १०० चा आकडा आहे तो सप्लायरांना पैसे कधी दिले त्यावरच काढतात, ठरल्या तारखेला दिले तर ८०, त्याआधी दिले तर ८० च्या वर, उशीर केला की खाली. आपल्याकडचे कास्टिंग एक्स्पोर्ट करणारे ह्यांना ओळखतात, बाहेरचं गिऱ्हाईक माल घ्यायच्या आधी डन्स नंबर (कंपनीचा ओळख क्रमांक) मागतं तो ह्यांचाच.

आपल्याकडं ह्याची भरपाई म्हणून जे आहे ते सिबिलच्या बाहेर आहे, आणि बहुतेक छोटे उद्योजक ते वापरत नाहीत म्हणून लिहितोय. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असा कायदा आहे, २००६ चा, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. कागदावर फार कडक आहे पण गिऱ्हाईक तुटेल म्हणून कुणी तक्रार करत नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही, ७० टक्के धंदा एकाच कंपनीवर असेल तर भांडणार कसं. त्यापेक्षा मला ट्रेड्स, म्हणजे बिलं वटवायची ऑनलाइन सोय, बरं वाटतं. बिल ट्रेड्सच्या प्लॅटफॉर्मवर टाकायचं, गिऱ्हाईक कंपनीनं ते मान्य केलं की बँका बोली लावतात, तुम्हाला पैसे लगेच मिळतात आणि पुढं वसुली बँकेनं त्या कंपनीकडनं करायची. कंपनीनं पैसे बुडवले तरी तुमच्याकडं मागायला येत नाहीत, हा त्यातला सगळ्यात मोठा फायदा. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्याच्यावर नोंदणी करायला सरकारनं मार्च २०२५ पर्यंतची मुदत दिली होती. मोठ्या कंपनीला माल देत असाल तर त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना एवढं तरी विचारा, आमची बिलं ट्रेड्सवर घेता का. विचारायला काही लाजायचं कारण नाही.

सिबिलनं पण थोडं पाऊल टाकलंय हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. फिट रँक म्हणून त्यांचा दुसरा एक आकडा आहे, तोही १ ते १० चाच, पण तो तुमच्या संमतीनं जीएसटी रिटर्न, इन्कम टॅक्स रिटर्न आणि करंट अकाउंटच्या व्यवहारांवरनं काढतात. ज्यानं आधी कर्जच घेतलेलं नाही त्याच्यासाठी हे चांगलं आहे. जुन्या कर्जदाराचा सीएमआर बिघडला असेल तर तो त्याच्यानं सुधारत नाही, पण बँकेपुढं दुसरी बाजू मांडायला उपयोग होतो.

परत रिपोर्टकडं. खात्यांच्या रांगांनंतर मी बघतो ते जामीन. फर्म किंवा मालक कुणाला जामीन राहिलाय ते इथं दिसतं आणि आपल्याकडं जामीन राहणं म्हणजे मेव्हण्याला नाही कसं म्हणायचं एवढाच विचार. त्या मेव्हण्याचं खातं एनपीए झालं की बँक तुमची फाईल बघताना ते पण बघणार. दुसरं, बंद झालेली कर्जं. ट्रॅक्टर असेल, जुनी गाडी असेल, कर्ज फिटलं, एनओसी घेतली, आणि रिपोर्टमध्ये मात्र अजून चालू. किंवा वाईट म्हणजे वनटाईम सेटलमेंट केली असेल तर "सेटल्ड" असा शेरा, तो बंद म्हणून धरत नाहीत, कमी पैसे घेऊन मिटवलं असाच त्याचा अर्थ लावतात. सेटलमेंटच्या वेळी बँकेची माणसं हे नीट सांगत नाहीत, वाचलेल्या पैशांच्या नादात लोक सही करतात, आणि चार वर्षांनी धंदा उभा राहिल्यावर ते आडवं येतं. शक्य असेल तर पूर्ण भरून बंद करा, अगदीच शक्य नसेल तर ह्याचे परिणाम माहिती करून घेऊन मग सही करा.

तिसरं, चौकशीची यादी. प्रत्येक बँक-एनबीएफसीनं तुमचा रिपोर्ट उघडला की तारखेसकट नोंद होते. एखाद्या एजंटाला कागद दिले आणि त्यानं एका आठवड्यात आठ ठिकाणी फाईल लॉगिन केली तर ती रांगच्या रांग तिथं दिसते आणि नवव्या बँकेला वाटतं हा माणूस पैशासाठी फिरतोय. म्हणून एकावेळी एक, फार तर दोन ठिकाणी.

आणि एक फार महत्त्वाचं, जे रिपोर्टच्या कुठल्याच पानावर लिहिलेलं नसतं. खातं बिघडायला पैसे थकावे लागतातच असं नाही. स्टॉक स्टेटमेंट तीन महिन्यांपेक्षा जुनं झालं की त्यावरची ड्रॉइंग पॉवर धरायची नाही असा नियम आहे, आणि तसंच ९० दिवस चाललं तर खातं एनपीए होऊ शकतं. सीसीचं रिन्यूअल ड्यू तारखेपासून १८० दिवसांत झालं नाही तरी एनपीए. म्हणजे व्याज वेळेत भरतोय, धंदा जोरात आहे, आणि केवळ कागद दिले नाहीत म्हणून खातं गेलं. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि फार वाईट वाटतं, कारण ते टाळायला एक फोन आणि एक एक्सेल शीट एवढंच लागतं. एकदा एनपीए झालं की नुसतं थोडं भरून उपयोग नाही, थकलेलं व्याज आणि मुद्दल पूर्ण भरल्यावरच खातं परत स्टँडर्ड होतं, आणि एका खात्यामुळं त्या बँकेतली तुमची सगळी खाती एनपीए धरतात.

चुका निघाल्या तर काय, हा पुढचा प्रश्न. निघतात. आमच्याकडच्या एका लूमवाल्याच्या रिपोर्टमध्ये एका फायनान्स कंपनीचं भलतंच कर्ज दिसत होतं, नाव सारखं, पॅन वेगळं. अशा वेळी सिबिलच्या साईटवर डिस्प्यूट टाकायचा, त्याला पैसे पडत नाहीत. पण सिबिल स्वतःहून आकडा बदलू शकत नाही, ते संबंधित बँकेला विचारतात आणि बँकेनं हो म्हटलं तरच दुरुस्ती. म्हणून मी दोन्हीकडं लिहायला लावतो, ब्युरोकडं म्हणजे सिबिलकडं आणि बँकेकडं, दोन्ही ई-मेलवर, तोंडी काही नाही. ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे, त्यातले २१ दिवस बँकेचे, आणि ३० च्या पुढं गेलं तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, हा नियम २०२४ च्या एप्रिलपासून लागू आहे. शंभर रुपयांनी कुणी श्रीमंत होत नाही पण तक्रारीत ह्या नियमाचा उल्लेख केला की उत्तर पटकन येतं हा माझा अनुभव आहे. तरी नाही झालं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, २०२२ च्या सप्टेंबरपासून क्रेडिट ब्युरो पण त्या योजनेत आले आहेत, तक्रार ऑनलाइन होते, वकील लागत नाही.

दुरुस्ती रिपोर्टमध्ये दिसायला पूर्वी फार वेळ लागायचा. बँका महिन्यातनं एकदा माहिती पाठवायच्या. २०२५ च्या जानेवारीपासून दर पंधरवड्याला पाठवायची असं झालं, त्यामुळं आता बरंच बरं आहे. खातं नियमित केलं, पुढच्या दोन-तीन आठवड्यांत नोंद बदलते. रँक मात्र लगेच उडी मारत नाही, जुना इतिहास त्यात धरलेला असतो, काही महिने सलग स्वच्छ जाऊ द्यावे लागतात. कुठल्या गोष्टीला किती वजन ते गणित ब्युरो बाहेर सांगत नाहीत, म्हणून "अमुक करा की ७ चा ४ होतोय" असं खात्रीनं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आणि पैसे घेऊन सिबिल दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्यांपासून तर चार हात लांब. खरी असलेली नोंद कुणालाही पुसता येत नाही, आणि चुकीची असेल तर ती पुसायला तुमचा एक ई-मेल पुरतो. पोरं पंधरा-वीस हजार घेऊन तोच फुकटचा डिस्प्यूट टाकतात, वर तुमचं पॅन आणि ओटीपी त्यांच्याकडं.

त्या शिरोलीवाल्याचं काय झालं सांगतो. रिपोर्ट हातात आल्यावर आम्ही बँकेला तीन पानांचं पत्र दिलं, कुठली बिलं कुणाकडं किती दिवस अडकली त्याची यादी, गिऱ्हाइकाची बॅलन्स कन्फर्मेशन, पैसे आल्याच्या तारखा, आणि टर्म लोनचा स्वच्छ इतिहास. मॅनेजरनं ते वर पाठवलं, तिसऱ्या मशीनचं कर्ज लगेच नाही मिळालं पण सहा महिन्यांनी परत बघू असं लेखी आलं, आणि तोपर्यंत त्यानं त्या कंपनीची बिलं ट्रेड्सवर टाकायला सुरुवात केली. रँक आता ५ आहे. फाईल परत टाकलीय.

कुणी घेऊ नये ते पण सांगतो. दहा लाखांच्या आत कर्ज आणि मोठं काही घ्यायचा विचार नाही, तर मालकाचा फुकटचा पर्सनल रिपोर्ट पुरेसा आहे, पैसे घालवू नका. कर्जच नाही त्यांना तर रिपोर्टमध्ये काही सापडणार नाही. बाकी ज्यांचं रिन्यूअल मार्च एंडिंगच्या आसपास असतं त्यांनी डिसेंबरात काढावा, चूक निघाली तर दुरुस्त करायला वेळ राहतो. आणि काढाल तेव्हा पहिल्या पानावरचा मोबाईल नंबर आणि ई-मेल तुमचाच आहे का बघा. बऱ्याच फर्मच्या रिपोर्टवर जुन्या अकाउंटंटचा नंबर असतो. कुणी तुमचा रिपोर्ट उघडला की ब्युरोकडनं आणि बँकेनं थकबाकी कळवली की बँकेकडनं मेसेज येतो तो त्याच नंबरवर. तो चुकीचा असेल तर बँकेत जाऊन आधी तो बदलून घ्या.